मासिक मेहेरबानीची अवजारे

गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावे की दरमहा पैसे भरून वापरावे, हा वाद गेल्या दहा-बारा वर्षांत निकाली निघाल्यासारखा मांडला जातो. मांडणाऱ्यांचे मुद्दे चार असतात. वर्गणी स्वस्त पडते. वर्गणीत साधने कायम अद्ययावत राहतात. सॉफ्टवेअरची मालकी तशीही कधी कोणाकडे नव्हती. आणि कंपनी वाकडी वागली तर बाजार तिला सरळ करतो. पुण्या-मुंबईच्या पगारदार स्टुडिओच्या मापाने मोजले तर हे मुद्दे बऱ्यापैकी पटतात. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले, तर चारांपैकी एकही पुरता टिकत नाही.

आधी या दोन पद्धती कशा आल्या ते पाहावे लागते. कायम परवान्यात ग्राहक एका आवृत्तीचे पैसे एकदा देतो आणि ती आवृत्ती हवी तितकी वर्षे वापरतो. नवी आवृत्ती हवी असेल तर पुन्हा पैसे द्यायचे, नको असेल तर जुनीवर काम चालवायचे. वर्गणीत पैसे भरणे थांबले की सॉफ्टवेअर थांबते. ॲडोबीने मे 2013 मध्ये जाहीर केले की क्रिएटिव्ह सूट यापुढे निघणार नाही. 2012 ची सीएस6 ही कायम परवान्यावर मिळणारी शेवटची आवृत्ती ठरली. माया आणि थ्रीडीएस मॅक्स बनवणाऱ्या ऑटोडेस्कने 2016 मध्ये नवे कायम परवाने विकणे बंद केले, सुटी उत्पादने जानेवारीअखेर आणि संच जुलैअखेर. युनिटी या गेम इंजिननेही त्याच वर्षी आपल्या प्रो आवृत्तीची एकरकमी विक्री थांबवली. चित्र काढायचे साधन, त्रिमिती आकृत्या घडवायचे साधन आणि दोन्ही एकत्र आणून गेम चालवणारे इंजिन, अशी गेमच्या कामाची तिन्ही मुख्य अवजारे तीन-चार वर्षांत भाड्यावर गेली. ग्राहकांनी मागणी केली म्हणून हा बदल झाला नाही. विक्री बंद झाली आणि भाडे तेवढे उरले.

पहिला मुद्दा स्वस्ताईचा. एकदम मोठी रक्कम मोजण्यापेक्षा दरमहा थोडे देणे सोपे, असे म्हटले जाते. हे विधान गृहीत धरते की पैसे देणाऱ्याच्या घरात दरमहा पैसे येतात. मालेगाव तालुका सोयाबीनचा आहे. घरात रोकड येते ती दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकल्यावर, आणि पुढे तूर-हरभरा निघाल्यावर. जून-जुलैत पेरणीला पैसा लागतो, तेव्हा हात रिकामा असतो. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे, हेही या हिशोबात धरायला हवे. अशा घरातल्या मुलाला हंगामात एकदा खर्च करून वस्तू घरात आणणे जमते. बाराही महिने ठरलेल्या तारखेला हप्ता भरणे जमत नाही, आणि एक हप्ता चुकला की कामच बंद पडते. म्हणजे मासिक हप्ता ही सोय पगारदाराची आहे, शेतकरी घराची नाही.

गेमचा धंदाही शेतीसारखाच अनियमित आहे. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा खेळ. त्याच्यासाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर निधी मागितला गेला, तो पुरेसा जमला नाही, आणि खेळ प्रत्यक्ष बाजारात आला 2020 मध्ये. पुढे द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. एवढ्या वर्षांत खर्च रोजचा असतो आणि उत्पन्न शून्य. हा खेळ अनरियल इंजिनवर बनला, ही बाब इथे महत्त्वाची आहे. अनरियलने 2014 मध्ये महिना 19 डॉलरची वर्गणी लावून पाहिली आणि वर्षभरातच, मार्च 2015 मध्ये, ती सोडून दिली. तेव्हापासून गेम बनवणाऱ्याकडून आधी काही घेतले जात नाही. खेळ कमावू लागला की 5 टक्के हिस्सा द्यायचा, आणि 2020 पासून पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत तोही माफ. हिस्सा उत्पन्नातून जातो, वर्गणी उत्पन्नाच्या आधी जाते. ‘आजकाल कोणी सॉफ्टवेअर विकत घेतो का’ असे म्हणत राजीसारखी उदाहरणे वर्गणीच्या बाजूने पुढे केली जातात. ती त्या बाजूची साक्ष देत नाहीत.

स्वस्ताईच्या हिशोबातून आणखी दोन रकमा वगळल्या जातात. पहिली रुपयाच्या घसरणीची. ॲडोबीने वर्गणीची घोषणा केली तेव्हा डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता, 2025 मध्ये तो 85 च्या वर गेला. एकदा घेतलेल्या वस्तूला ही घसरण लागत नाही. डॉलरमध्ये ठरणाऱ्या भाड्याला ती दरवर्षी लागते, आणि त्या वाढलेल्या रकमेवर 18 टक्के जीएसटी चढतो. दुसरी रक्कम बाहेर पडण्याची. ॲडोबीच्या ‘वार्षिक, पण दरमहा भरणा’ या योजनेत मध्येच थांबणाऱ्याकडून उरलेल्या रकमेचा निम्मा भाग घेतला जातो. ही अट ग्राहकापासून झाकून ठेवल्याचा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून 2024 मध्ये कंपनीवर दावा केला. मुळात गेमचे काम प्रकाशनाच्या दिवशी संपत नाही. चुका दुरुस्त कराव्या लागतात, नव्या फोनसाठी बदल करावे लागतात. विक्री आटल्यावरही दुरुस्तीपुरते साधन हाताशी लागते, आणि भाड्याच्या साधनात त्या दुरुस्तीसाठीही भाडे चालूच ठेवावे लागते.

यावर उत्तर दिले जाते की लहानांना तर इंजिन फुकटच आहे. ते खरे आहे. युनिटीची पर्सनल आवृत्ती ठरावीक उत्पन्नापर्यंत फुकट मिळते आणि असंख्य नवशिक्यांनी तिच्यावरच हात बसवला. मात्र फुकट मिळालेली परवानगी आणि विकत घेतलेला हक्क यांत फरक असतो. परवानगी देणारा तिच्या अटी कधीही बदलू शकतो. हा फरक किती महाग पडू शकतो ते 2023 च्या सप्टेंबरमध्ये सगळ्या गेम-जगाने पाहिले. त्या प्रकरणाचा हिशोब चौथ्या मुद्द्यात येतो.

दुसरा मुद्दा अद्ययावत राहण्याचा, आणि वर्गणीवाल्यांचा हाच मुद्दा सर्वांत भक्कम आहे. जुने सॉफ्टवेअर कपाटात ठेवून चालत नाही, हे मान्य करायला हवे. गूगल प्ले दरवर्षी नवी अट घालते. 31 ऑगस्ट 2025 पासून नव्या ॲपना आणि जुन्या ॲपच्या नव्या आवृत्त्यांना अँड्रॉइड 15 डोळ्यासमोर ठेवून बांधणे बंधनकारक झाले. दहा वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या इंजिनातून ही अट पूर्ण होणार नाही. तेव्हा ‘एकदा घेतले, जन्मभर पुरले’ असे म्हणणाराही चुकतो.

पण यातून सिद्ध होते ते इतकेच की नव्या सुधारणांचे पैसे द्यावे लागतील. जुन्या आवृत्तीवरचा हक्क काढून घ्यावा, हे यातून कुठेच निघत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, आणि त्या वेगळ्या ठेवणारा धंदा मालेगावच्या बाजारपेठेत रोज दिसतो. हिशोबाचे टॅली हे सॉफ्टवेअर कायम परवान्यावर मिळते. त्याच्यासोबत सुधारणा आणि ऑनलाइन सेवांसाठी टीएसएस नावाची वार्षिक वर्गणी असते. जीएसटीचे नियम बदलतात म्हणून बहुतेक व्यापारी ती भरतात. एखाद्याने भरली नाही तरी टॅली बंद पडत नाही. खतावणी उघडते, जुनी वर्षे दिसतात, नवी नोंद करता येते. प्रोग्रामरांची साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्सने सप्टेंबर 2015 मध्ये निव्वळ वर्गणीची घोषणा केली. वापरणाऱ्यांनी विरोध केल्यावर तिने तडजोड केली ती याच धर्तीवर: बारा महिने वर्गणी भरणाऱ्याला त्या मुदतीच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची मिळते. दोन्ही कंपन्या टिकून आहेत. सुधारणांचा खर्च भागवायचा तर ग्राहकाचे काम ओलीस ठेवावे लागते, हा दावा इथेच कोसळतो.

शिवाय कायम अद्ययावत राहणे ही गेम बनवणाऱ्याची गरजच नसते. काम ऐन मध्यावर आले की अनुभवी चमू इंजिनची आवृत्ती गोठवतो, कारण नव्या आवृत्तीत चालू असलेली गोष्ट मोडू शकते. खुद्द इंजिन कंपन्या म्हणूनच दीर्घकाळ आधार असलेल्या वेगळ्या आवृत्त्या काढतात. सतत नवेपण हे विकणाऱ्याचे आकर्षण आहे, घडवणाऱ्याला स्थिरता लागते.

तिसरा मुद्दा जरा चलाखीचा आहे. ‘तुम्ही सॉफ्टवेअर कधी विकत घेतच नव्हता, फक्त परवाना घेत होता, मग मालकी गेली म्हणून रडता कशाला?’ असा तो मांडला जातो. यात अर्धे सत्य आहे. प्रोग्रामचा कॉपीराइट निर्मात्याकडेच राहतो आणि तो राहायलाच हवा. पण कॉपीराइट वेगळा आणि ग्राहकाच्या हातातली प्रत वेगळी, हा भेद भारतीय कायद्याने स्पष्ट केलेला आहे. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 नोव्हेंबर 2004 रोजी निकाल दिला की बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर ही वस्तू आहे आणि तिची विक्री होते. 2 मार्च 2021 च्या इंजिनिअरिंग ॲनालिसिस खटल्याच्या निकालाने प्रत विकणे आणि कॉपीराइटमधले हक्क देणे यांतले अंतर पुन्हा अधोरेखित केले. दोन्ही खटले कराचे होते. तरी ‘विक्री कधी नव्हतीच’ या म्हणण्याला त्यांनी जागा ठेवली नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 नुसार प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला राखीव प्रत काढून ठेवता येते, इतर प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवता येते आणि प्रोग्राम कसा चालतो ते अभ्यासता येते. हे हक्क प्रत बाळगणाऱ्याचे आहेत. वर्गणी संपलेल्या माणसाकडे बाळगायला प्रतच उरत नाही.

हा भेद समजायला मालेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला वकील लागत नाही. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, म्हणून सुधारित वाणाचे बियाणे एकदा आणले की पुढच्या हंगामाला घरचे राखून, उगवणक्षमता तपासून पेरता येते. वाणाचा हक्क ते शोधणाऱ्याचा असतो, पण 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 ने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि देवघेव करण्याचा हक्क दिला आहे. फक्त ब्रँड लावून ते विकता येत नाही. निर्मात्याचा हक्क आणि वापरणाऱ्याचा हक्क शेजारी शेजारी नांदू शकतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीतच दुसरा हक्क अशक्य आहे असे सांगणाऱ्याला तसे कारण द्यावे लागेल, आणि ते आजवर कोणी दिलेले नाही.

चौथा मुद्दा बाजाराच्या शिस्तीचा. कंपनीने अन्याय केला तर ग्राहक निघून जातील, म्हणून कंपनी जपून वागेल, असे सांगितले जाते. 12 सप्टेंबर 2023 रोजी युनिटीने रनटाइम फी जाहीर केली. 1 जानेवारी 2024 पासून, ठरावीक उत्पन्न आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडलेल्या खेळाच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे पैसे द्यायचे होते. पर्सनल आवृत्तीसाठी ही सीमा बारा महिन्यांत 2 लाख डॉलर आणि एकूण 2 लाख इन्स्टॉल अशी होती. दर होता श्रीमंत देशांत इन्स्टॉलमागे 20 सेंट आणि इतरत्र 2 सेंट. जाहिरातींवर चालणाऱ्या फुकट मोबाइल खेळाला लाखो इन्स्टॉल मिळतात, पण एका इन्स्टॉलमागे कमाई पैशांत असते. त्या हिशोबाला ही आकारणी थेट छेद देणारी होती. सर्वांत गंभीर बाब ही की जुन्या अटींवर आधीच प्रकाशित झालेले खेळही त्यातून सुटत नव्हते. 2019 मध्ये याच कंपनीने हमी दिली होती की विकासकाला आपल्या आवृत्तीच्या जुन्या अटींवर राहता येईल. ती हमी दरम्यान अटींमधून नाहीशी झाली होती.

पुढे गदारोळ झाला. दहा दिवसांत कंपनीने माघार घेतली, पर्सनल आवृत्तीला सूट दिली आणि आकारणी पुढच्या वर्षीच्या आवृत्तीपुरती राखली. ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिचिटेल्लो पायउतार झाले. 12 सप्टेंबर 2024 रोजी गेम विकासकांवरची ही फी पूर्णपणे रद्द झाली, आणि सोबत युनिटी प्रोची वर्गणी 8 टक्क्यांनी वाढवून माणशी वर्षाला 2,200 डॉलर केल्याचे जाहीर झाले. बाजाराने शिस्त लावली याचे उदाहरण म्हणून ही घटना सांगितली जाते. नीट वाचली तर ती उलट बाजूची साक्ष आहे. विकासक वाचले ते करारातल्या हक्काने नव्हे, आरडाओरड्याने. जगभरचे स्टुडिओ एकाच वेळी ओरडले म्हणून कंपनी हलली. तालुक्याच्या गावात एकट्याने खेळ बनवणाऱ्याच्या ओरडण्याने कोणतीही कंपनी हलत नाही. अटी त्याच्या कामानंतर बदलता येणार नाहीत, एवढे लेखी बंधनच त्याच्या उपयोगाचे. अनरियलच्या करारात आवृत्तीला जोडलेल्या अटींवर थांबण्याची मुभा आहे. म्हणजे असे बंधन अशक्य नाही.

अवजाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात असली की धोका फक्त दरवाढीचा राहत नाही. अमेरिकी सरकारच्या आदेशाचे कारण देऊन ॲडोबीने ऑक्टोबर 2019 मध्ये व्हेनेझुएलातील खाती बंद करण्याचे जाहीर केले. काही आठवड्यांनी परवानगी मिळाल्यावर सेवा सुरू राहिली, पण तोवर तिथल्या चित्रकारांना आपल्याच फायलींची धास्ती घ्यावी लागली. भारताचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने जुलै 2025 मध्ये निर्बंध लादले. भारताने ते लादले नव्हते, तरी मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाली. एका तेलशुद्धीकरण कंपनीला पैसे भरूनही आपली ईमेल परत मिळवायला न्यायालय गाठावे लागले. एकट्या विकासकाला ते दार परवडणारे नाही.

मग उपाय काय? सगळ्या वर्गण्यांवर बहिष्कार हा उपाय नाही. एखाद्या स्टुडिओला दोन महिन्यांपुरते माया हवे असेल तर भाडे हाच शहाणपणाचा व्यवहार आहे. मोठ्या स्टुडिओत नोकरी हवी असलेल्याला तिथली साधने शिकावीच लागतील, पण त्या खुर्चीचे भाडे मालक भरतो. आक्षेप भाड्याला नाही, भाड्याशिवाय दुसरा मार्गच न ठेवण्याला आहे. आणि तो मार्ग ठेवूनही धंदा चालतो. गेममेकर हे द्विमिती खेळांचे इंजिन 2021 मध्ये वर्गणीवर गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच कंपनीने पाऊल मागे घेतले: शिकणाऱ्याला फुकट, आणि खेळ विकणाऱ्याला 99.99 डॉलरचा एकरकमी परवाना. वर्गणी उरली ती कन्सोलसाठी. ‘काळाची चाके उलटी फिरत नाहीत’ म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे आहे.

मुक्त सॉफ्टवेअरने त्यापुढची पायरी गाठली आहे. ब्लेंडर हे त्रिमितीचे साधन 2002 मध्ये लोकवर्गणीतून 1 लाख युरो जमवून कंपनीच्या ताब्यातून सोडवले गेले. 2025 मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट त्याच साधनावर बनला. गोडो हे अर्जेंटिनात जन्मलेले इंजिन 2014 पासून एमआयटी परवान्यावर खुले आहे, त्याचा मूळ कोड कोणालाही ठेवता, बदलता आणि वापरता येतो. त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कन्सोल कंपन्या आपली साधने गुप्त ठेवतात, म्हणून गोडोतला खेळ कन्सोलवर न्यायला तिसऱ्याची मदत लागते, आणि प्रचंड त्रिमिती खेळांत अनरियल त्याच्या पुढे आहे. मात्र मालेगावातून पहिला खेळ करणाऱ्याचे लक्ष्य मोबाइल आणि संगणक असते, आणि तेवढ्याला ही साधने पुरतात. गूगल प्लेचे विकासक खाते 25 डॉलर एकदाच भरून उघडते, तेव्हा अवजारापासून दुकानापर्यंत एकही मासिक हप्ता नसलेली वाट आज प्रत्यक्षात मोकळी आहे.

ही वाट दाखवणे हे आता सरकारचे काम आहे, कारण पैसा सरकारचा आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव यांसाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. त्याचा आराखडा 3,268 कोटी रुपयांचा आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली असून ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया अशा कंपन्या तिच्याशी जोडल्या गेल्या आहेत. कंपन्यांशी सहकार्य करण्यात गैर काही नाही. पण विद्यार्थी परवान्याची रीत ठाऊक असावी: शिकताना साधन फुकट किंवा सवलतीत, अनेकदा व्यावसायिक वापराला मनाई, आणि शिक्षण संपले की भाडे सुरू. सार्वजनिक पैशातून घडलेला हात अशा रीतीने एकाच दुकानाचा गिऱ्हाईक होऊन बाहेर पडतो.

सरकारी यंत्रणांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, हे केंद्र सरकारचे धोरण 2015 पासून आहे. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मुक्त साधनांचे धडे मराठीसह भारतीय भाषांत देतो. एमएस-सीआयटीमुळे संगणक केंद्रांचे जाळे तालुक्यांपर्यंत पोचलेले आहे. धोरण, धडे आणि जागा तिन्ही असताना उरते ते फक्त त्यांना जोडणे. त्यासाठी तीन अटी पुरेशा आहेत. सरकारी अनुदानावरच्या प्रत्येक गेम-अभ्यासक्रमात किमान एक पूर्ण प्रकल्प मुक्त किंवा कायम परवान्याच्या साधनांवर व्हावा. सरकारी पैशाने घेतलेल्या कोणत्याही वर्गणीत, ती संपल्यावर शेवटची आवृत्ती वापरता येईल असे कलम असावे. आणि प्रकाशित झालेल्या कामाला मागाहून बदललेल्या अटी लागू करणाऱ्या कंपनीची साधने सरकारी खरेदीतून बाद व्हावीत.

वर्गणी ही व्यवहाराची एक पद्धत आहे आणि तिची जागा पर्यायाची आहे. तिला एकमेव पद्धत बनवण्यासाठी दिली जाणारी चारही कारणे तपासल्यावर गळून पडतात. खेळ घडवणाऱ्याने इंजिन निवडताना त्यातली चित्रे किती झळाळतात हे जरूर पाहावे, पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: पैसे भरणे थांबवल्यावर आपला खेळ उघडेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या साधनावर पहिला खेळ उभारू नये.